कोयासानला पहिल्यांदा जाताय? मग एवढं बघा

जपानला जाऊन कोयासान, म्हणजे बौद्ध मठांचा डोंगर निवडलात, भारीच! फक्त ओसाकाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा प्लॅन करू नका, बहुतेक नवखे तिथेच फसतात. एक रात्र मठातच राहा, मुक्कामाची सोय असलेले मठ पन्नासेक आहेत.

जायच्या आधी ढीगभर वाचू नका, फक्त कूकाई हे बौद्ध भिक्षू समजून घ्या. ८१६ मध्ये त्यांनी सम्राट सागाकडून हा डोंगर मागून घेतला आणि शिंगोन या बौद्ध पंथाचं केंद्र उभारायला घेतलं, ८३५ नंतर ते ओकुनोइनमध्ये (तिथली दफनभूमी) अजून ध्यानात बसलेत अशी तिथली श्रद्धा आहे, आपल्याकडे आळंदीला माउलींच्या संजीवन समाधीबद्दल आहे ना तशीच, म्हणून भिक्षू आजही रोज दोनदा त्यांना जेवण नेऊन देतात. तिथली २ लाखांवर थडगी, सरदारांची सुद्धा, कूकाईंजवळ जागा हवी म्हणूनच.

बाकी:
- ओकुनोइनचा शेवटचा पूल ओलांडला की फोटो बंद, टोपी काढा.
- मठात जेवण संध्याकाळी लवकर असतं, उशीर केलात तर उपाशी. कांदा-लसूण नसतो, त्यामुळे आपल्या शाकाहारी मंडळींची चैन.
- सकाळची प्रार्थना झोपेत घालवू नका प्लीज.

११७ मंदिरं आहेत, सगळी बघायच्या नादी लागू नका, दाइतो पॅगोडा आणि कोंगोबुजी हे मुख्य मंदिर पुरे. मंडल, मुद्रा वगैरे पुढच्या खेपेला. आणि जागा ८०० मीटरवर आहे, जॅकेट घ्याच.