भाडेकरू गेला, स्टीलच्या भुकटीची पोती मागे राहिली

प्रश्न : हिंगणा रोडला, एमआयडीसीच्या बाहेर, आमचा खासगी प्लॉट आहे. त्यावरचं टिनाचं शेड स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगचं वेल्डिंग, ग्राइंडिंग, बफिंग करणाऱ्या एकाला भाड्याने दिलं होतं. करार साध्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणी नाही. मागच्या दिवाळीत तो मशिनी घेऊन गेला आणि मागे राखाडी भुकटीची चाळीसेक पोती व एक झाकणबंद निळा ड्रम राहिला. पावसात पोती फाटून पाणी शेजाऱ्यांच्या बोअरकडे वाहिलं. त्यांनी तक्रार केली. आता प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस माझ्या नावाने आली असून पंधरा दिवसांत खुलासा मागितला आहे. भाडेकरू फोनवर म्हणतो, ‘स्टीलच्या ताटात आपण जेवतो, त्याची धूळ काय विषारी असणार?’ दीर म्हणतात, जेसीबी लावून मागेच पुरून टाकू. एक कबाडी फुकट न्यायला तयार आहे. चौकीदाराने शेड झाडलं तेव्हापासून त्याला खोकला आहे, हातावर पुरळही आलं आहे. कचरा माझा नाही, तरी मला अटक होईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई, आधी दिरांना थांबवा आणि कबाड्याला नाही म्हणून सांगा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

नोटीस पर्यावरण कायद्याखालची असेल, तर लगेच अटक होईल ही भीती सोडा. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम १५ मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्याने ती काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथे दंड आला : दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. पंधरा लाखही काही थोडे नाहीत. म्हणून खुलाशाची मुदत चुकवू नका.

‘कचरा माझा नाही’ एवढ्यावर मात्र सुटका होणार नाही. घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यांत जबाबदार धरलं आहे ते ‘भोगवटादारा’ला, म्हणजे जागेचा कारभार ज्याच्या हाती आहे त्याला, आणि कचऱ्यापुरतं, तो ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही. पोती भरली तुमच्या भाडेकरूने, पण आज शेडची किल्ली तुमच्याकडे आहे. नोटीस तुमच्या नावाने का आली, याचं उत्तर एवढंच आहे. मंडळासमोर तुम्ही उत्तरदायी, आणि खर्च व नुकसान भाडेकरूकडून वसूल करायचं, अशा दोन वेगळ्या लढाया आहेत. त्यांची सरमिसळ केली की दोन्ही हरतात, हे मी कोर्टात वारंवार पाहतो.

आता ताटाचा युक्तिवाद. तो ऐकायला बरा वाटतो, म्हणून जरा थांबून बघू. साधारण ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त रेलिंगला बहुधा २०२ ग्रेड वापरतात. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त. ताटावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, म्हणून ते गंजत नाही आणि आपण बिनघोर जेवतो. पण ताट कोणी श्वासातून ओढत नाही. घासून निघालेली बारीक भुकटी फुप्फुसात जाते, घामेजलेल्या त्वचेला चिकटते, आणि त्यात डिस्कचा चुरा, बफचे धागे, पॉलिशचं मेणही मिसळलेलं असतं. निकेलने अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. शिवाय तिथे वेल्डिंगही होत होतं. स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं एक विषारी रूप) तयार होतं, ते कर्करोगजन्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूरच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांत, टाकला. नुसत्या ग्राइंडिंगच्या भुकटीत हे षट्संयुजी क्रोमियम फार नसतं, बहुतेक क्रोमियम धातूच्याच रूपात असतं. तेव्हा शेजारी ‘विषाची पोती’ म्हणून ओरडत असतील तर तेही पूर्ण खरं नाही. खरं काय ते प्रयोगशाळा सांगेल.

मला पोत्यांपेक्षा त्या ड्रमची काळजी जास्त आहे. वेल्डजवळचा काळपट डाग काढायला हे लोक पिकलिंग पेस्ट लावतात. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ड्रममध्ये तिचं धुतलेलं पाणी असण्याची शक्यता आहे. झाकण उघडू नका, वास घेऊ नका, हलवूही नका. तसं निघालं तर तो कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत, धातूच्या पृष्ठभागावरील प्रक्रियांखाली, सरळ येईल. भुकटीचा निकाल दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे लागतो. तिच्यातून आम्लयुक्त पाण्यात किती धातू सुटतो ते तपासतात, आणि क्रोमियमची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. शेजाऱ्यांच्या बोअरचं पाणीही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ आणि निकेल ०.०२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. अहवाल चांगला आला तर तो तुमचा सर्वांत मोठा बचाव ठरेल. वाईट आला तर निदान त्या घरातली लेकरं ते पाणी पिणं थांबवतील.

तुम्ही स्वतः दिलेला नमुना माहितीसाठी ठीक आहे. पुराव्यात मात्र पर्यावरण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, नोटीस देऊन, मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला नमुनाच भक्कम धरला जातो. खुलाशातच लिहा : ‘पंचनामा करून नमुने घ्यावेत, मी हजर राहीन.’ दोषी माणूस सहसा असं लिहीत नाही, आणि अधिकाऱ्यालाही ते कळतं.

खुलाशासोबत काय जोडायचं? करार नोंदवलेला नाही, ही तुमची कमजोर बाजू आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती झाली नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. पण धंदा कोणाचा होता हे सिद्ध करायला कराराचीच गरज नाही. महावितरणचं बिल त्याच्या नावाने होतं का ते बघा. बँकेत आलेलं भाडं, त्याच्या जीएसटी क्रमांकाची पावती, ‘मशिनी नेतो’ असे व्हॉट्सॲपवरचे निरोप, सगळं काढा. सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात मंडळाचं कार्यालय आहे. तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका : या जागेवर अमुक व्यक्तीला हवा कायद्याखाली संमती आणि घातक कचऱ्याचा प्राधिकार दिला होता का? ‘नाही’ असं उत्तर आलं तरी ते तुमच्या कामाचं आहे.

पुरण्याबद्दल एकच सांगतो. आज तुमच्याकडे कोणीतरी सोडलेला कचरा आहे. जेसीबी लागला की तुम्ही स्वतः केलेलं प्रदूषण होईल. कबाड्याचंही तसंच. स्वच्छ तुकडे आणि टर्निंग (मशिनवर निघालेला धातूचा कीस) भंगारात विकता येतात, पण मिसळलेली बारीक भुकटी तो फुकट नेतो याचा अर्थ ती कुठल्यातरी नाल्यात जाणार. २०१६ च्या नियमांतल्या नियम २३ प्रमाणे नीट विल्हेवाट न लागून झालेल्या नुकसानीला भोगवटादार जबाबदार असतो, म्हणजे पत्ता पुन्हा तुमचाच. महापालिकेच्या कचरागाडीतून भांडेवाडीच्या कचरा डेपोला पाठवण्याचा विचारही नको.

रस्ता बुटीबोरीचा आहे. तिथे घातक कचऱ्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. मंडळाकडे एकवेळच्या विल्हेवाटीची परवानगी मागा, केंद्राला नमुना द्या, दर लेखी घ्या. माल अधिकृत वाहनातूनच जाईल आणि सोबत नमुना १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा कागद, असेल. तोपर्यंत पोती जाड प्लॅस्टिकने झाका, पाणी लागू देऊ नका, पण कोरडं झाडणं किंवा ब्लोअर अजिबात नको. भाडेकरू ॲल्युमिनियमही घासत असेल तर ते अधिकाऱ्याला आधी सांगा. ती भुकटी ओली झाली की हायड्रोजन सुटतो.

चौकीदाराला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात दाखवा आणि केसपेपरवर ‘स्टेनलेस स्टीलची धूळ झाडली’ हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या कायदेशीर यादीत क्रोमियमचे आजार आहेत, आणि त्याला कामावर तुम्ही ठेवलं आहे. त्याचा उपचार आत्ता तुम्ही करा, खर्च भाडेकरूच्या हिशेबात लिहा.

वसुलीची कायदेशीर नोटीस त्याला याच आठवड्यात जाऊ द्या. डिपॉझिट असेल तर परत करू नका, त्यातून वळतं करत असल्याचं नोटिशीत लिहा. उरलेल्या पैशांसाठी दिवाणी दावा करता येतो. १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावच्या खटल्यात कारखाने बंद पडूनही गाळ आणि नासलेल्या विहिरी राहिल्या होत्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा खर्च कारखानदारांवरच टाकला. राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या कायद्यात कलम २० ने हेच तत्त्व आलं आहे. शेजारी या अधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे भरपाई मागायला गेले, तर भाडेकरूला पक्षकार करा असा अर्ज तुम्ही पहिल्याच तारखेला द्या. भरपाईसाठी त्यांना पाच वर्षांची मुदत आहे, त्यामुळे आज ते गप्प बसले तरी कागद फेकू नका.

आणि मॅनिफेस्टची केंद्राने सही केलेली प्रत हाती येईपर्यंत शेड नव्या कोणालाही देऊ नका, भाडं कितीही चांगलं मिळत असलं तरी.