शुल्क माफ झालं तर झोप लागेल का?

डिसेंबर जवळ आला की गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडण्याकडचे शिक्षक एकच तक्रार घेऊन येतात: "स्नेहसंमेलन माझ्यावर टाकलंय आणि झोप उडालीय." डिसेंबर 2025 मध्ये हडफडेच्या नाइटक्लबला आग लागून 25 जणांचा जीव गेला, त्यानंतर या काळजीला वेगळीच धार आली. बोलता बोलता गाडी पैशांवर येते. मांडवाच्या सुरक्षा तपासणीचं आणि ना हरकत दाखल्याचं शुल्क लहान शाळेने भरायचं कुठून? सरकारने ते माफ करावं, म्हणजे सुटलो.

अशाच एका बाई समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) प्राथमिक शाळा, कार्यक्रमाला तिकीट नाही, प्रायोजक नाही, पालकांच्या वर्गणीवर सगळं. बाई रात्री दोनला उठून वहीत हिशेब मांडत बसायच्या.

दोन बैठका शुल्कावरच गेल्या. मी त्यांना अडवलं नाही. तिसऱ्या वेळी विचारलं, "समजा, माफीचं पत्र उद्याच हातात पडलं. उद्या रात्री झोप लागेल?"

त्या लगेच "हो" म्हणाल्या. मग थांबल्या. "नाही लागणार. शुल्क माफ म्हणजे बघायलाही कोणी येणार नाही. मग मांडवाचं सगळं माझ्याच डोक्यावर."

खरी गाठ इथे होती. त्यांना पैशांची काळजी होती, पण भीती एकटं पडण्याची होती. मुख्याध्यापकांनी "तुम्ही बघा" म्हटलं होतं. मांडववाल्याला "हे असं नको" म्हणायचा अधिकार मात्र कोणी दिला नव्हता. अधिकार नसताना गळ्यात पडलेली जबाबदारी माणसाला आजारी पाडते, हे माझं ठाम मत आहे. इतक्या शिक्षकांशी बोलून ते पक्कंच होत गेलंय. अशा माणसाला "काळजी करू नका" सांगणं निरुपयोगी. त्याला अधिकार मिळवून द्यावा लागतो, तोही कागदावर.

त्यांच्याकडून मी पहिल्यांदा दोन वेगळे अर्ज लिहून घेतले. तपासणीचा अर्ज अग्निशमन केंद्राकडे: तारीख, वेळ, जागा, अंदाजे माणसं, मांडवाचा हाताने काढलेला आराखडा आणि त्यात वाटा, वीजबोर्ड, जनरेटरची जागा. शुल्कमाफीची विनंती स्वतंत्र कागदावर. तिच्या पहिल्याच वाक्यात: "तपासणी आम्हाला हवीच आहे, विनंती फक्त शुल्कापुरती आहे." त्याखाली शाळा विनाशुल्क कार्यक्रम करते, तिकीट वा जाहिरात नाही, हे मुख्याध्यापकांच्या सहीने. दोन्ही विनंत्या एका अर्जात घातल्या की माफीचा निर्णय होईपर्यंत तपासणीही अडकून राहू शकते, आणि तोवर कार्यक्रमाचा दिवस येतो. माफी द्यायची की नाही हे खातं ठरवेल. म्हणून ती रक्कम पालक-शिक्षक संघाने आधीच बाजूला ठेवायची, माफी आली तर उत्तमच. दोन्ही अर्जांच्या प्रतींवर पोच घ्यायची.

तपासणीची वेळही जुळावी लागते. मांडव आदल्या दिवशी पूर्ण उभा असेल तरच तपासणीला अर्थ. नाहीतर अधिकारी रिकामं मैदान बघून जातात आणि कनाती, पडदे, खुर्च्या नंतर लागतात. बहुतेक घोळ या "नंतर"मध्येच होतात. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला आग लागली आणि चारशेहून जास्त माणसं गेली. वर कृत्रिम कापडाचं छत, बाहेर पडायला एकच दार. आपल्याकडे दोन वाटा ठेवतात खरं, पण थंडी वाजते म्हणून किंवा फुकटे घुसतात म्हणून दुसऱ्या वाटेची कनात सुतळीने बांधून टाकतात. मी बाईंना सांगितलं, "खुर्च्या लागल्या की शेवटच्या रांगेत बसा, उठा आणि दोन्ही वाटांनी चालत बाहेर या. सुतळी सोडावी लागली तर ती वाट नाहीच असं धरा."

मग विजेचं. मांडवाच्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा आणि त्याचं टेस्ट बटण आपल्यासमोर दाबून बघायचं. आपल्याकडे रात्री दव पडतं, त्यामुळे जमिनीवर टेपने गुंडाळलेले जोड चालणार नाहीत. जाजमाखालून वायर नको, हॅलोजनला पडदा टेकलेला नको. वीजबोर्डाजवळ कार्बन डायऑक्साइडचं किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक, पावडरचं असेल तर काटा हिरव्या पट्ट्यात, आणि ते वापरता येणारा माणूस शेजारी. विजेच्या आगीवर पाण्याची बादली ओतायची नाही.

दिवली नाच (डोक्यावर पेटती दिवली घेऊन करायचा) बसवला असेल तर मुलींचे कपडे सुती, ओढणी पिनेने पक्की, दिवलीत तेल थोडं, वात आखूड. विंगेत शिरण्याआधी दिवल्या विझल्याच पाहिजेत. तिथे ओलं गोणपाट घेऊन एक मोठं माणूस उभं ठेवायचं. पहिली-दुसरीच्या नाचात बॅटरीचे दिवे द्यावेत, यावर मी तडजोड सुचवत नाही.

शेवटचा कागद कामवाटपाचा. वीजबोर्ड, दोन वाटा, रंगमंचामागची मुलं आणि त्यांची हजेरी, फोन (101, 112, रुग्णवाहिकेसाठी 108): प्रत्येकाला एक नाव आणि त्या वेळी दुसरं काम नाही. निवेदकाला यातलं काही द्यायचं नाही. खाली मुख्याध्यापकांची सही आणि एक ओळ: "सुरक्षेच्या कारणासाठी कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार सुरक्षा प्रमुखांना आहे." सुरक्षा प्रमुख म्हणजे बाईच. ही ओळ मागायला त्या घाबरत होत्या. आम्ही ते वाक्य खोलीत मोठ्याने म्हणून बघितलं. आधी आवाज कापला, मग स्थिर झाला. मुख्याध्यापकांनी दोन मिनिटांत सही केली. त्यांच्यावरचंही ओझं त्याने हलकं झालं होतं, हे बाईंच्या नंतर लक्षात आलं.

माफीचं पत्र कार्यक्रमापर्यंत आलं नाही. शुल्क संघाने भरलं. अधिकाऱ्यांनी जनरेटर मांडवापासून लांब हलवायला लावला आणि मधल्या वाटेतल्या जादा खुर्च्या काढायला सांगितल्या. मांडववाला कुरकुरला, तेव्हा बाईंनी सहीचा कागद दाखवला. त्या आठवड्यात झोप कशी होती, विचारलं. "पहाटे जाग आली," त्या म्हणाल्या, "पण वही नाही उघडली."

ज्यांच्यावर यंदा स्नेहसंमेलन आलंय, त्यांनी माफीचा अर्ज तारीख ठरल्याच्या आठवड्यातच द्यावा. चतुर्थीच्या सुट्टीनंतर तारीख ठरवली तर खात्याला विचार करायला पुरेसा वेळ मिळतो.