राल्फ पीअर ना गायक, ना वादक. मग कंट्री म्युझिकच्या, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या संगीताच्या, इतिहासात त्याचं नाव इतक्या वर का?

तुम्ही विचारलंय की गाणं-वाजवणं काहीच न करणाऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला एवढा मान का मिळतो. माझ्या मते, कोणत्या गाण्याचे पैसे कोणाला मिळणार हे पीअरने ठरवलं आणि त्यामुळे कोणती गाणी रेकॉर्ड होणार हेही ठरत गेलं.

1923 मध्ये तो ओके रेकॉर्ड्समध्ये होता. अटलांटातल्या पोल्क ब्रॉकमन नावाच्या विक्रेत्याच्या आग्रहावरून त्याने फिडलिन जॉन कार्सन या व्हायोलिनवाल्याचं रेकॉर्डिंग केलं. पीअरला ते गाणं अजिबात आवडलं नव्हतं. ब्रॉकमनला हव्या होत्या तेवढ्या 500 प्रती काढून दिल्या, कंपनीच्या यादीत क्रमांकसुद्धा दिला नाही. त्या हातोहात संपल्या. शहरातल्या कंपन्यांनी ज्यांना गिऱ्हाईक मानलंच नव्हतं, ती दक्षिणेतली खेड्यापाड्यांतली माणसं आपल्या ओळखीचा आवाज विकत घ्यायला तयार होती. स्वतःच्या आवडीपेक्षा या खपावर विश्वास ठेवणं, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो.

पुढे व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीकडे जाताना त्याने पगार मागितला नाही. गाण्यांचे प्रकाशनहक्क मागितले. 1909 च्या अमेरिकन कायद्यानुसार रेकॉर्डवरच्या प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक प्रतीला 2 सेंट हक्कधारकाला द्यावे लागत. ऐकायला ही रक्कम किरकोळ, पण लाखांनी खपणाऱ्या रेकॉर्डवर हिशेब करून पाहा. जुन्या, सर्वांच्या मालकीच्या गाण्यावर हे पैसे मिळत नसत. म्हणून पीअर कलाकाराला विचारायचा, तुमचं स्वतःचं काय आहे? नवं गाणं हवं, नाहीतर जुनंच इतकं बदललेलं हवं की त्याची नव्याने नोंद करता येईल. कंट्री गायकाने आपलं गाणं आपण लिहावं, ही अपेक्षा रुजण्यामागे हा हिशेब फार मोठा आहे.

1927 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात आला आणि टोप्यांच्या एका जुन्या कंपनीच्या इमारतीत यंत्रं मांडली. मायक्रोफोनवर चालणारं विद्युत रेकॉर्डिंग नुकतंच आलं होतं, त्यामुळे कर्ण्यात तोंड घालून ओरडायची गरज उरली नव्हती. हळू गाणाऱ्याचा आवाजही पकडता येत होता. आधीच रेकॉर्ड निघालेल्या अर्नेस्ट स्टोनमन या त्या भागातल्या गायकाला रेकॉर्डिंगमधून किती कमाई होते हे स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं आणि डोंगरातून माणसांची रीघ लागली. 1 ऑगस्टला कार्टर कुटुंब गायलं: ए. पी., त्यांची पत्नी सारा आणि गरोदर असलेली अठरा वर्षांची मेबेल. 4 ऑगस्टला गायक जिमी रॉजर्स. पुढे कंट्री म्युझिकचा पाया मानले गेलेले हे दोघे चार दिवसांत एकाच खोलीत सापडावेत, याचं मला आजही नवल वाटतं. साराचा तो सरळ, न नटवलेला आवाज ऐकला की पीअरने तिथे थांबून ऐकलं याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

पण त्याला संत करू नका. गाणी एकरकमी विकत घेऊन मोकळं होण्याची पद्धत सर्रास असताना तो कलाकारांना रॉयल्टी देत होता, हे खरं. मात्र हक्क स्वतःच्या हाती ठेवून त्याने उभारलेली सदर्न म्युझिक ही प्रकाशनसंस्थाच पुढे जगभर पसरली. शिवाय नोंदीत ज्याचं नाव, पैसा त्याचा. ए. पी. कार्टर गावोगाव फिरून लोकांची गाणी गोळा करत, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्यासोबत असे आणि चाली डोक्यात साठवून आणे. कार्टरांच्या नावावर नोंदलेल्या गाण्यांवर रिडलचं नाव नाही. ही गोष्ट मला सलते, आणि पीअरच्या पद्धतीचं मोल करताना ती बाजूला ठेवता येत नाही.

1960 मध्ये पीअर वारला, 1984 मध्ये त्याला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तुम्हाला ऐकूनच ठरवायचं असेल तर आधी कार्सनचं 1923 चं रेकॉर्डिंग ऐका आणि लगेच ब्रिस्टलमधलं कार्टर कुटुंब. मधल्या चार वर्षांत काय बदललं ते कानांना कळेल.