हेडसेट घातल्यावर मूल रडलं, तर आधी फ्रेम रेट तपासू नका

ताई, तुमच्या पोस्टमधली गोष्ट एवढी: कऱ्हांडल्याच्या जंगलाला लागून शाळा, सहावी-सातवीचे वर्ग, सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, आलेले चार व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवले की आपण त्या जागीच आहोत असं वाटायला लावणारे). वाघाचा व्हिडिओ दाखवला, तर दोन पोरांना मळमळलं, एक मुलगी रडली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आलीच नाही. ‘फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग) कमी पडतोय का, नवीन हेडसेट मागावेत का’ असा तुमचा प्रश्न. त्यावर आलेली उत्तरं सगळी फ्रेम रेटचीच आहेत. ती चूक नाहीत. पण रडलेल्या मुलीबद्दल कोणीच काही विचारलं नाही, म्हणून मी लांबण लावतोय.

मी ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातल्या, जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. हेडसेट चालू कसा करायचा, बसण्याच्या जागेची रेघ कशी आखायची, हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो. आणि आधीच सांगतो, मी मास्तर आहे, डॉक्टर किंवा समुपदेशक नाही. माझा अनुभव एका शाळेचा आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांचा.

आमच्याकडे हेडसेट आले ते दिवाळीनंतर, सोबत कंपनीचा एक माणूस आणि आधीच भरून दिलेला व्हिडिओ. त्यात जिप्सी थांबलेली, समोरून रस्त्याने वाघीण येते आणि गाडीला घासून निघून जाते. दीड मिनिटाचा खेळ. वर्गात नुसता जल्लोष. मग सातवीतला एक पोरगा बसला. हेडसेट चढवला आणि मान फिरवायला लागला. वाघीण समोरून येतेय आणि हा मागे बघतोय. डावीकडे, परत मागे, परत मागे. मला वाटलं, वा, सगळे एकाच दिशेला बघतात, यालाच ३६० अंश म्हणजे काय ते कळलं. मी त्याचा फोटोसुद्धा काढला. मग त्याला उलटी झाली. मान फिरवून गरगरलं असेल म्हणून लिंबू-साखर दिली, फोम पुसला आणि हेडसेट पुढच्याच्या हातात ठेवला.

जिप्सी थांबलेली होती, हे लक्षात घ्या. व्हीआरमध्ये मळमळतं ते डोळे सांगतात ‘आपण चाललोय’ आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘आपण बसलोय’, म्हणून. इथे कॅमेरा हललाच नव्हता. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे तिथल्या तिथे सुचायला हवं होतं.

सुचलं नाही. तीन आठवड्यांनी आमच्या खिचडीवाल्या काकूंनी भांडी घासता घासता सांगितलं, “सर, तो वाघ नोहता पाहत जी. त्याच्या आज्याले वाघानं मांगूनच नेलतं.” दोन वर्षांपूर्वीचा मोहाचा हंगाम, पहाटेची वेळ, आजोबा वाकून फुलं वेचत होते आणि हा थोड्या अंतरावर टोपली घेऊन. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. मला नव्हतं. मी तालुक्याहून अपडाऊन करतो, साडेपाचची बस पकडतो. ही सबब नाही, कारण आहे.

पुढे शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. त्याची आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, “आमाले एकडाव पुसलं असतं त काय झालं असतं?” समितीने ठराव घेऊन हेडसेट कपाटात बंद केले, आठ महिने. मला तो ठराव तेव्हा अडाणीपणाचा वाटला होता, हेही कबूल करतो.

पण मला सगळ्यात महाग पडला तो फोटो. अहवालासाठी मी तो एका कार्यालयाला पाठवला होता. त्यांनी त्याचा फ्लेक्स करून फाट्यावर लावला. हेडसेट घातलेला पोरगा, मागे वाघाचं चित्र, खाली साहेबांची नावं. पोरगा रोज त्याच फाट्यावरून सायकलने येणार. मी तीन अर्ज दिले. पहिल्यावर ‘वरून आदेश नाहीत’, दुसऱ्यावर ‘फ्लेक्स आमचा नाही, एजन्सीचा’, तिसऱ्याची तर पोचही मिळाली नाही. पावसाळ्यातल्या एका वादळाने तो फाडला तेव्हा कुठे सुटका झाली. तेव्हापासून हेडसेट घातलेल्या मुलाचा फोटो मी कोणालाही पाठवत नाही. अहवालाला चार खुर्च्या आणि चार हेडसेट यांचा फोटो पुरतो. कोणी ओरडलं तर ओरडू द्या.

तर ताई, मळमळ झालेल्या दोन पोरांचं कारण कदाचित तुमचा व्हिडिओ धावत्या जिप्सीतून घेतलेला असेल एवढंच. तो बदला, थांबलेला कॅमेरा घ्या, पाच मिनिटांच्या वर नेऊ नका, फिरत्या खुर्चीऐवजी साधी खुर्ची द्या. प्रश्न मिटेल. मुलीचं वेगळं. ढोबळ खूण सांगतो. मळमळलेलं मूल पांढरं पडतं, घामेजतं, हेडसेट काढल्यावर थोड्या वेळात खेळायला पळतं आणि बहुतेक दुसऱ्या दिवशी ‘सर, माझा नंबर’ म्हणतं. घाबरलेलं मूल आखडतं, डोळे मिटून घेतं किंवा मागे बघतं, विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतं आणि शाळा बुडवतं. ही खूण चुकूही शकते. पण आधी तिच्या घरी जाऊन या, हातात हेडसेट आणि कागद न घेता. जाण्याआधी तुमच्या खिचडीवाल्या ताईला विचारा, हजेरीपटात जे नसतं ते तिला ठाऊक असतं. काही गंभीर निघालं तर स्वतः समुपदेशक होऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. जंगलाकाठच्या शाळेत वाघ हेडसेटमध्ये दाखवूच नये. पुण्या-मुंबईच्या मुलाला वाघ म्हणजे वन्यजीव. आमच्या मुलांना वाघ म्हणजे वाघोबाचं ठाणं, मेलेली गाय, नुकसानभरपाईची फाईल आणि कधी कधी घरातलं माणूस. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन व्हीआरवर खूप वर्षं काम करताहेत. ते सांगतात की जे प्रत्यक्षात करणं धोक्याचं, अशक्य, अंगलट येणारं किंवा फार महाग आहे, तेवढ्यासाठीच व्हीआर वापरा. आमच्या पोरांना वाघ दिसणं यातल्या कुठल्या रकान्यात बसतं? त्यांना तो फुकट दिसतो, नको तेव्हा दिसतो.

तांत्रिक बाजूही वाघाच्या विरोधातच आहे. ३६० कॅमेऱ्याची, म्हणजे एकदम चहूबाजूंचं चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याची, भिंगं फार रुंद बघतात, त्यांना झूम नसतो. तीस फुटांवरचा वाघ मांजरीएवढा दिसतो. आमच्या व्हिडिओत वाघीण मोठी दिसली ती गाडीला घासून गेली म्हणून, आणि नेमकं तेच वाईट झालं. प्राणी दाखवायचे तर कॅमेरा ट्रॅपचे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे) साधे फोटो चांगले. वनरक्षक ओळखीचा असेल तर मागून घ्या. अस्वल, साळिंदर, खवल्या मांजर बघून पोरं वाघ विसरतात. स्वतः जंगलात शूटिंग करायच्या भानगडीत परवानगीशिवाय पडू नका, ड्रोनचं तर नावही काढू नका.

कपाट उघडलं तेव्हा आम्ही दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही चालल्या. पहिली मोहाच्या झाडाखालची. गावातल्या प्राथमिक बचाव दलाच्या (वाघ गावाजवळ आला की वनखात्याला मदत करणाऱ्या गटाच्या) पोरांना सोबत घेऊन, भर दुपारी, शिवारातल्या झाडाखाली कॅमेरा वाकलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवला, म्हणजे जेमतेम अडीच फूट. हेडसेट घालून बघितलं की कळतं, वाकल्यावर गवताची भिंत होते आणि पाठीमागचं काहीही दिसत नाही. मग तोच कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर. पोरांनी स्वतःच सांगितलं, एकाने उभं राहून राखण करायची, उजाडल्याशिवाय जायचं नाही, एकट्याने जायचं नाही. वाघ कुठेच नाही, धडा मात्र वाघाचा. हे दाखवायच्या आधी पालकांना शाळेत बोलावून त्यांना हेडसेट घालायला दिले. बायाच जास्त आल्या. कोणत्या मुलाला दाखवायचं नाही, ते त्यांनीच सांगितलं.

दुसरी गोष्ट हवामान बदलाची. तयार व्हिडिओ बहुतेक वितळणारा बर्फ आणि पांढरी अस्वलं यांचेच. स्टॅनफर्डचा समुद्राच्या आम्लीकरणाचा व्हीआर अनुभव चांगला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरून शंख-प्रवाळांचं काय होतं, ते समुद्राच्या तळाशी नेऊन दाखवतो. पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्यांना खारं पाणी आधी चाखवून सांगावं लागतं. इकडे चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालतं, अर्ध्या वर्गाचे काका-मामा खाणीत कामाला. कार्बनची गोष्ट सांगायला उत्तर ध्रुवावर कशाला जायचं?

आम्ही गावचा मामा तलाव धरला. पूर्व विदर्भात अशा माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावांची कमी नाही, तुमच्या भंडाऱ्यात तर पावलोपावली. पाळीवर एक दगड ठरवला आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, मे अशा पाच वेळा त्याच दगडावर कॅमेरा ठेवला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मुलं खुर्चीत बसून पाच मिनिटांत तलावाचं वर्ष बघतात. त्यावर गावातल्या एका आजीचा आवाज घातला: तिच्या लग्नाच्या वर्षी पाणी कुठवर होतं, धानाला कुठून सोडायचे, शिंगाडे कुठे व्हायचे. मुलांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर तो आवाज. हेडसेट नसता तरी आवडला असता, असं माझ्या बायकोचं म्हणणं. असेल.

इथे एक सावधगिरी. तलाव मे महिन्यात आटला म्हणजे हवामान बदल, असं मुलांना सांगू नका. गाळ साचतो, पाळ फुटते, कोणी अतिक्रमण करतं, बोअर वाढतात. हवामान म्हणायचं तर साधारण ३० वर्षांची सरासरी बघतात. म्हणून व्हिडिओसोबत वही ठेवली, रोजचं कमाल-किमान तापमान मुलं लिहितात. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी आली तेव्हा पोरं वही घेऊन धावत आली होती. मग हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. तो दिवस माझ्या मते पूर्ण व्हीआरपेक्षा जास्त शिकवून गेला, मोजमाप तपासायचं असतं हे.

व्हीआरने शिकणं आपोआप वाढतं, हेही खरं नाही. २०१९ मध्ये माक्रान्स्की नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रयोगशाळेचा तोच धडा हेडसेटमध्ये बघणाऱ्यांना ‘आपण तिथे आहोत’ असं जास्त वाटलं, पण साध्या स्क्रीनवाल्यांपेक्षा ते कमी शिकले. विद्यार्थी कॉलेजचे होते, आपली पोरं वेगळी असतील. तरी मी हेडसेट काढल्यावर दहा मिनिटं चित्र काढायला लावतोच.

राहिलेलं भराभर. उन्हात लेन्स उघडी ठेवू नका, आपल्याकडचं ऊन भिंगातून आत शिरून स्क्रीन कायमची जाळतं. आमचा एक हेडसेट खिडकीत असाच गेला. स्वस्तातले कार्डबोर्डवाले चष्मे घ्यायचे तर फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कुठे वळला ते ओळखणारा सेन्सर) आहे का बघा, नसेल तर मान फिरवली तरी चित्र फिरणार नाही. एखाद्या ॲपवर अख्खा अभ्यासक्रम बांधू नका. गूगल एक्सपिडिशन्स हे शाळांसाठीचं व्हीआर सहलींचं ॲप ३० जून २०२१ ला बंद झालं आणि माझी दोन वर्षांची टिपणं रद्दी झाली. व्हिडिओ फाईल हेडसेटमध्येच उतरवून ठेवा, वायफायच्या आणि भारनियमनाच्या भरवशावर राहू नका. उवा होतात, बायांना आधीच सांगा, लाजू नका. प्रत्येकाला जुन्या सुती कापडाची पट्टी द्या. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे आले होते तेव्हा आम्ही हेडसेट सरळ बंद केले, तसंच करा. फिट येणाऱ्या मुलाला देऊ नका. आमच्या हेडसेटची कंपनी दहा वर्षांखालच्यांना नको म्हणते, तर चौथीच्या वर्गात नेऊच नका, पाहुणे आले तरी.

तो पोरगा आता तालुक्याला दहावीत आहे. हेडसेट त्याने परत घातला नाही आणि मी सुचवलंही नाही. तलावाच्या पाचही फेऱ्यांना मात्र तो आला होता, कॅमेरा दगडावर नीट बसलाय का ते बघायला.

मोहाखालचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर देता येईल, पण तो आमच्या शिवारातला आहे. तुमच्या गावचा तुम्ही काढलेला बरा. कॅमेरा हवा असेल तर मार्चच्या आधी सांगा, नंतर सकाळची शाळा सुरू होते आणि पोरं फुलं वेचायला जातात.