जीभ दिसते चांगली, मग जळते का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, वय ५३, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. गेले आठ-नऊ महिने जिभेचं टोक आणि ओठांची आतली बाजू अशी जळते की कढत चहाने पोळलंय. सकाळी उठते तेव्हा काही नसतं, दुपारनंतर सुरू होतं आणि संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत नको नको होतं. तोंड कडू पडतं. बी कॉम्प्लेक्स झालं, जेल झालं, सासूबाई म्हणतात उष्णता आहे म्हणून गुलकंद आणि सब्जाही झाला. डेंटिस्टने दोनदा बघितलं, म्हणाले तोंडात काहीच नाहीये, टेन्शन घेऊ नका. जेवताना मात्र बरं वाटतं, त्यामुळे घरचे म्हणतात नाटक आहे. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. कॅन्सर तर नसेल ना?

उत्तर : ताई, नाटक अजिबात नाही. उलट जेवताना बरं वाटणं ही या दुखण्याची खूणच आहे, बऱ्याच जणींना घास किंवा च्युइंगम तोंडात असेपर्यंत आराम पडतो. रोज २ तासांहून जास्त जळजळ, ३ महिन्यांहून जास्त दिवस, आणि बघायला गेलं तर तोंड अगदी स्वच्छ, याला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात. पाळी जाण्याच्या आसपासच्या बायकांमध्ये जास्त दिसतो. जिभेतल्या बारीक नसांचं काम बिघडतं असं मानतात, म्हणजे भाजलेलं काही नसतं पण चटक्याचा निरोप मेंदूला जात राहतो. हा कॅन्सर नाही आणि यातून कॅन्सर होतही नाही.

पण हे नाव लगेच चिकटवायचं नाही, आधी बाकीची कारणं खोडून काढायची, आणि तुमच्या पत्रात तशी दोन-तीन आहेत. शुगर वाढलेली असली तरी तोंड जळतं, आणि शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर वर्षानुवर्षं घेतल्यावर बी १२ कमी होऊ शकतं. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर तिनेही. बीपीच्या गोळीचं नाव ‘प्रिल’ने संपतंय का बघा, एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे, त्यांनी काहींना अशी जळजळ होते (गोळी मनाने बंद करू नका हं, डॉक्टर बदलून देतील). सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, फॉलिक ॲसिड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि थायरॉइड एवढं रक्त तपासा, आणि तोंडात फंगस नाही ना, लाळ कमी नाही ना हे तपासून घ्या. कवळी असेल तर तीही दाखवा.

सगळं नॉर्मल आलं तर नसांचं औषध. क्लोनाझेपामची गोळी गिळायची नाही, ३ मिनिटं तोंडात घोळवून थुंकायची, यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेत आणि काहींना चांगला फरक पडतो. पण सवय लागणारी गोळी आहे, शेजारणीच्या डब्यातली घेऊ नका. रात्री अगदी कमी डोसमध्ये अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनही देतात. अल्फा लिपोइक ॲसिड या सप्लिमेंटचं खूप ऐकू येतं, पण त्याचे रिझल्ट उलटसुलट आहेत, मी तरी त्यावर पैसे घालवायला सांगणार नाही. काउन्सेलिंग सुचवलं तर ‘मला वेडी समजतात’ असं मनात आणू नका, दुखणं झेलायला त्याची खरंच मदत होते. झणझणीत मिंट किंवा दालचिनीची पेस्ट आणि अल्कोहोलवालं माउथवॉश बंद, साधी कमी फेसाची पेस्ट वापरा, जळायला लागलं की बर्फाचा खडा चघळा. आठवड्यात उतरणारं दुखणं नाही हे, महिने लागतात, आणि कधी कधी पूर्ण जात नाही पण सुसह्य होतं.

प्रश्न : वय २७, ऐरोली. मिसळ सोडा, साधी भाजी खाल्ली तरी तोंडात आग होते. सुपारीच्या चार-पाच पुड्या रोज होतात. हल्ली वडापाव खाताना तोंड पूर्वीएवढं उघडत नाही. हे पण तेच का?

उत्तर : नाही रे बाबा. वरच्या ताईंना खाताना बरं वाटतं, तुला खाताना आग होते, हाच मोठा फरक. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, आणि यातून कॅन्सर होऊ शकतो. तंबाखू नसलेल्या सुपारीनेही होतं, त्यामुळे ‘मी गुटखा खात नाही’ हे कारण चालणार नाही. गेलेली लवचिकता पूर्ण परत येत नाही, म्हणून पुड्या आजपासून बंद. आरशासमोर उभा राहून स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून बघ. जात नसतील तर याच आठवड्यात नेरुळ किंवा खारघरच्या डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिनच्या (तोंडाच्या आजारांच्या) ओपीडीत जाऊन ये. आणि बोटं गेली तरी जा.