बाई गावाला गेल्यात

"मॅडम, त्याला सांगितलं तरी काय कळणार आहे?"

विशेष मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकते. घरात कुणी गेलं की सगळे रडत असतात आणि या मुलाला मात्र आतल्या खोलीत टीव्ही लावून दिलेला असतो. हर्णैच्या एका आईनं हेच विचारलं, तेव्हा गेलेलं माणूस घरातलं नव्हतं. मुलाच्या शाळेतल्या बाई होत्या. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा १४ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला, दोन-तीन शब्दांपलीकडे न बोलणारा. बाई मे महिन्याच्या सुट्टीत अचानक वारल्या. जूनमध्ये शाळा उघडली तर हा वर्गात जाईना. व्हरांड्यातल्या एका खिळ्यापाशी उभा राहायचा. पावसाळ्यात बाईंची छत्री त्या खिळ्याला अडकवणं हे त्याचं काम होतं, बाईंनीच त्याला नेमून दिलेलं. घरच्यांनी सांगितलं, "बाई गावाला गेल्यात." आजीनं वर जोड दिली, "येतील हो गणपतीत."

कोकणातल्या मुलाला असं सांगणं म्हणजे वायदा करणं. लांब गेलेलं माणूस गणपतीला येतंच, हे तो जन्मापासून बघत आलेला. तो थांबला. गणपतीच्या आधी चार दिवस एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचा. मुंबईचे काका उतरले, आत्या उतरली. विसर्जन झालं, चाकरमानी परतले, आणि त्या रात्रीपासून तो स्वतःचं मनगट चावू लागला. जेवण कमी झालं, कित्येक वर्षांनी अंथरूण ओलं झालं.

मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. न बोलणाऱ्या मुलाची दाढ किंवा कान दुखत असला तरी तो असाच चावतो, म्हणून दुखणं नाही ना, हे पहिल्यांदा बघायचं. तसं काही निघालं नाही.

मृत्यू कळणं म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी कळणं: शरीर चालायचं थांबतं, ते पुन्हा सुरू होत नाही, आणि हे सगळ्यांचंच होतं. बहुतेक मुलांना हे साधारण ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान उमगायला लागतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना वेळ लागतो, काहींना तिन्ही गोष्टी कळतही नाहीत. पण माणूस नाहीसं झालंय, हे त्यांना लगेच कळतं. मग 'झोपल्या' म्हटलं तर झोपेची भीती बसते, 'देवाघरी गेल्या' म्हटलं तर मूल ते घर शोधतं. आई रडत म्हणाली, "पण 'मेल्या' कसं म्हणू? तोंडातून निघत नाही."

शब्द सापडला तो वडिलांना. बोटीवर असतात, मासेमारी बंदीचे जून-जुलै सोडले तर घरी थोडेच. माझ्यासमोर फारसे बोलले नव्हते. पण एका सकाळी बंदरावर मुलाच्या हातात त्यांनी मासा दिला आणि म्हणाले, "बघ, हा हलत नाय. मेला. परत पोहणार नाय. बाई पण मेल्या. परत येणार नायत. तू काय केलं नायस." हे ऐकून आईला धस्स झालं. मला मात्र यापेक्षा नीट सांगता आलं नसतं. शेवटचं वाक्य तर मी शिकवलंही नव्हतं, आणि तेच सगळ्यांत जरुरीचं होतं.

मग आम्ही बाईंच्या घरी गेलो. त्यांच्या यजमानांनी छत्री आणून दिली. त्यानं ती हुंगली, उघडली, मिटली. बराच वेळ मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, "बाई नाय." संध्याकाळी घरी येऊन तो खूप रडला. आई घाबरून मला फोन करत होती आणि मी सांगत होते, रडू दे, तुम्ही शेजारी बसा.

चावणं एकदम थांबलं नाही. दोनेक महिने कमी-जास्त होत राहिलं. पुढं एका भेटीत आई स्वतःबद्दल बोलली. रात्री तिला झोप लागत नव्हती. अशा रात्रींसाठी मी तिला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला, तो मोफत आहे आणि २४ तास चालतो. ती म्हणाली, "लोक त्याच्याबद्दल विचारतात ते 'बिचारा' म्हणून. बाई विचारायच्या, 'आज किती बटणं?'"

बाई त्याला शर्ट घालायला शिकवत होत्या, उलट साखळीनं. वरून खाली बटणं स्वतः लावत यायच्या आणि सगळ्यांत खालचं त्याच्यासाठी ठेवायच्या. म्हणजे काम पूर्ण केल्याचा आनंद रोज त्याचाच. ते जमलं की खालची दोन, मग तीन. महिने जायचे, पण बाईंनी घाई केली नाही. सहापैकी चार बटणं झाली होती.

"उरलेली दोन कोण शिकवणार?" आईनं विचारलं. तिचं दुःख असं बटणांतून बाहेर आलं, आणि मला वाटतं, ते मोजायला दुसरं कुठलंच माप तिच्याकडे नव्हतं. मी एवढंच विचारलं, "बाई कशा शिकवायच्या, दाखवा ना." तिनं माझ्या समोरच्या खुर्चीवर टांगलेल्या शर्टावर सगळं करून दाखवलं. बोट कुठं धरायचं, कुठं थांबायचं, सगळं तिला येत होतं.

परवा तिचा फोन आला. आता वरचं एकच राहिलंय.