चित्र माझे, शैली मात्र दुसऱ्याची

प्रश्न : मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. गेली चार वर्षे नामवंत चित्रकारांची जलरंगातील निसर्गचित्रे आणि प्रात्यक्षिके पाहून सराव करते. चित्रे बरी उतरतात. परंतु पाहणारा प्रत्येक जण ‘हे अमक्यांसारखे वाटते’ असेच म्हणतो. स्वतःची रेषा आणि रंगलेपनाची पद्धत कशी घडवावी? नक्कल पूर्णपणे थांबवावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नक्कल थांबवू नका, तिची जागा मात्र बदला. प्रात्यक्षिकात दिसतात ते त्या चित्रकाराने आधीच घेतलेले निर्णय. काय गाळायचे, कोठे कागद कोरा सोडायचा, कोणती कड ओल्या रंगात विरघळू द्यायची, हे सारे त्याने ठरवलेले असते आणि तुमच्या वाट्याला केवळ हाताचे काम उरते. त्यामुळे हात तयार होतो, पण निवड करणारी नजर तशीच राहते.

तुमच्या परीक्षांमध्ये ‘स्मरणचित्र’ हा विषय होता. गुणांपुरता करून आपण तो सोडून देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. वाशिष्ठीच्या काठी वीस मिनिटे बसा, छायाचित्र घेऊ नका आणि दुसऱ्या दिवशी घरी आठवणीतून चित्र काढा. जे आठवत नाही ते गाळा, पूर्वी पाहिलेल्या चित्रांतील झाडे तेथे आणून लावू नका. अशी दहा-बारा चित्रे झाली की ती भिंतीवर शेजारीशेजारी लावा. एखादीला पाण्यावरची उभी प्रतिबिंबेच पुन्हापुन्हा आठवलेली असतात, एखादीला घरांच्या उतरत्या छपरांचे कोन. न ठरवता वारंवार आलेली गोष्ट तुमची आहे. पुढचा सराव तिच्यावरच करा.

रंगांच्या बाबतीत काही महिने यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू एवढेच वापरून पाहा. शेवटच्या दोहोंतून उबदार आणि थंड अशा करड्या छटा उत्तम मिळतात. पावसाळ्यातील कोकणाचा झळझळीत हिरवा मात्र या तिघांतून मिळणार नाही, आणि ही अडचणच उपयोगाची आहे. तो हिरवा छायाप्रकाशातून सुचवायचा, भोवतीचे रंग मळवून उठवायचा की सोडूनच द्यायचा, हे तुम्हाला स्वतः ठरवावे लागेल. कोणाचेही प्रात्यक्षिक तेथे मदतीला येणार नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांकडेही गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि मोजक्या ठिकाणी लाजवर्दी निळा, एवढेच रंग होते.

अजिंठ्यावरून अमृता शेरगिल यांचे उदाहरण सांगितलेच पाहिजे. पॅरिसमध्ये रीतसर शिक्षण घेऊन त्या १९३४ मध्ये भारतात परतल्या, तेव्हा त्यांचा हात युरोपीय पद्धतीत पुरता मुरलेला होता. १९३६ च्या अखेरीस त्यांनी अजिंठा पाहिले, पुढे दक्षिणेत प्रवास केला आणि १९३७ मध्ये ‘ब्राइड्स टॉयलेट’ व ‘ब्रह्मचारीज’ ही चित्रे रंगवली. त्यांत त्यांनी अजिंठ्यातील बोधिसत्त्व उतरवून काढले नाहीत. आकार सोपा करण्याची आणि रंग सपाट, मातकट ठेवण्याची रीत त्यांनी भित्तिचित्रांतून घेतली व ती प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांसाठी वापरली. पॅरिसमध्ये कमावलेली रचनेची शिस्तही टाकून दिली नाही.

तुम्हीही नक्कल करताना संपूर्ण चित्र उतरवू नका. एका चित्रातून एकच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ आकाश आणि डोंगर यांची कड कशी सांभाळली आहे, आणि त्याचे उत्तर स्वतःच्या विषयावर लावून पाहा. कधी एखादे जलरंगातील चित्र बोरूने, केवळ काळ्या शाईत काढा. साधन बदलले की उसना हावभाव टिकत नाही.

‘अमक्यांसारखे’ हा शेरा अजून काही काळ ऐकावा लागेल. तो ऐकून फसलेली चित्रे फाडू नका. पाठीमागे तारीख घालून ठेवा, कारण भिंतीवरच्या त्या तुलनेसाठी तीही तितकीच लागणार आहेत.